आप्पा, ठिगळाशिवाय जोडलं गेलं

प्रिय आप्पा,

जोडलं गेलं! आज दुपारी, आमच्या जालन्याच्या कॉलेजात, माझ्या वर्गातल्या सगळ्या पोरापोरींच्या डोळ्यांदेखत. आईला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, "बरं झालं बाई. आता जेव." तिचं काही चुकलं नाही. पण या गोष्टीवरून माझ्याशी इतकी वर्षं भांडलात ते तुम्ही. मग निकाल तुम्हालाच कळवायला नको का?

गेल्या उन्हाळ्यात तुम्ही गेलात. छातीत दुखतंय म्हणून दुकानापुढच्या बाकड्यावर बसलात ते उठलाच नाहीत. आपलं भांडण मात्र अर्धवट राहिलं. हे काही बरं केलं नाहीत! हरायची पाळी आली की डाव सोडून उठायची तुमची सवय पत्त्यांतसुद्धा होती.

आपल्या घराण्यात मेंढरांमागं न चालणारे तुम्ही पहिले आणि पदवी घेणारी मी पहिली. तुम्ही केदारखेड्याच्या फाट्यावर पंक्चरचं दुकान टाकलंत तेव्हा आजोबा कितीतरी दिवस बोलले नव्हते म्हणे. मी एम.एस्सी.ला औरंगाबादला गेले तेव्हा मात्र तुम्ही आल्या-गेल्या गिऱ्हाइकाला सांगत सुटलात, "पोरगी लई बारीक गोष्टींचा अभ्यास करून राह्यली." किती बारीक, ते तुम्हाला ठाऊक नव्हतं. पण सांगताना अंगठा आणि बोट अगदी जवळ आणून दाखवायचात.

शनिवारी मी एस.टी.तून उतरले की घरी जायच्या आधी दुकानात बसायची. तुमचे हात टायरमध्ये, नजर टायरवर, आणि प्रश्न ठरलेला: "आज काय शिकवलं?"

त्या दिवशी मी म्हणाले होते, "लायगेज."

"हे काय आणखी?"

मी सांगितलं, की आपल्या शरीरातल्या प्रत्येक पेशीत डीएनएचा लांबच लांब धागा असतो. धागा कसला, एकमेकांभोवती गुंडाळलेले दोन धागेच. आपण कसे घडायचे ते त्यात लिहिलेलं असतं. तो रोज कुठं ना कुठं तुटतो. आणि पेशी त्याची नक्कल करते तेव्हा नव्या दोन धाग्यांपैकी एक तर तुकड्यातुकड्यांनीच तयार होतो. त्या तुकड्यांमधल्या फटी कुणीतरी बंद कराव्या लागतात. ते काम लायगेजचं.

तुम्ही पाण्याच्या घमेल्यात ट्यूब बुडवत होतात. हात थांबले. "म्हंजे पंक्चरवालंच की!"

"तसंच म्हणा."

"मंग ठिगळ कशाचं लावतंय?"

"ठिगळ नाही लावत, आप्पा. तुटलेली दोन टोकंच एकमेकांना जोडतं. मधे काही राहत नाही."

तुम्ही बाकड्यावरच्या ट्रॅक्टरवाल्याकडं पाहिलंत आणि म्हणालात, "ऐकलं का? ठिगळाबिगर पंक्चर! हिच्या मास्तरानं कव्हा सायकल तरी चालवली का न्हाई?"

तो ट्रॅक्टरवाला इतका हसला की तंबाखू सांडली त्याची. मला राग आला होता. खरंच आला होता! घरी येऊन आईला सांगितलं, तर तीही हसली.

पण पुढच्या शनिवारी तुम्हीच विषय काढलात. आठवडाभर तुमच्या डोक्यात तेच घोळत असणार. "ते तुझं लायगेज. त्याला डोळे हायेत का?"

"नाहीत."

"मंग फट कुठं पडली ते कसं हुडकतंय? मला तर घमेलं लागतंय. बुडबुडा निघाला तर कळतंय."

आप्पा, तो प्रश्न मला परीक्षेत आला असता तर मी पाठ केलेलं लिहून मोकळी झाले असते. तुम्हाला सांगताना मात्र पहिल्यांदा समजून घ्यावं लागलं. म्हणाले, त्याला डोळे नाहीत, पण पकड आहे. धागा सलग असेल तिथं ते अलगद बसतं आणि सुटतं. फट असेल तिथं धागा जरा सैल पडतो, वाकतो, आणि लायगेज तिथं घट्ट पकडतं. माणसातलं लायगेज तर धाग्याभोवती कड्यासारखं मिटतं असं आता दिसलंय. आणि टोकं कशीही असून चालत नाहीत. फटीच्या एका टोकाला फॉस्फेट हवा, दुसऱ्या टोकाला ऑक्सिजन-हायड्रोजनची एक जोडी हवी. समोरचा धागा शाबूत हवा आणि त्याच्याशी या टोकांची अक्षरं नीट जुळलेली हवीत. जुळत नसली की ते सहसा जोडत नाही. आणि मधलं अक्षरच गळालेलं असेल तर जोडतच नाही. आधी दुसऱ्या कुणीतरी ते भरावं लागतं.

"म्हंजे काम बघून घेतंय," तुम्ही म्हणालात. "बराबर हाय. मी बी फाटकं टायर घेत न्हाई."

मला वाटलं, पटलं. कुठलं काय! लगेच पुढं, "पर ठिगळाबिगर न्हाई जमत. बिलकुल न्हाई."

मग मी तुमच्याच कामाकडं बोट दाखवलं. तुम्ही कानशीनं ट्यूब घासायचात, सोल्यूशन लावायचात, आणि मग थांबायचात. गिऱ्हाईक घाई करायचं, "आप्पा, चिटकवा की जल्दी, लगीन हाय पुढं!" आणि तुम्ही शांतपणे, "वाळू द्या. वल्यावर लावलं तर नवरीऐवजी मलाच घेऊन जावं लागंल." सोल्यूशन लावलं की ट्यूबची ती जागा धरायला तयार व्हायची. लायगेजही तेच करतं, मी म्हणाले. आधी एटीपी नावाच्या रेणूचा एक तुकडा स्वतःच्या अंगावर घेतं. मग तो फॉस्फेटवाल्या टोकावर ठेवतं. त्यानं ते टोक तयार होतं. मग समोरचं टोक येऊन त्याला भिडतं, सांधा बसतो, आणि ठेवलेला तुकडा गळून पडतो. सांध्यात त्याचं काहीच उरत नाही.

"थांब," तुम्ही म्हणालात. "म्हंजे दर सांध्याला येक एटीपी जातंय?"

"हो. दर सांध्याला एक."

"खर्चा हाय म्हंजे!" तुमचा चेहरा उजळला. "मंग थोडं पटतंय. फुकटात कोन जोडतंय?"

माझ्या सगळ्या समजावण्यात तुम्हाला पटलं ते एवढंच! बाकीचं डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मानणार नाही, असं म्हणून तुम्ही हात पुसलेत.

मग मी जालन्याच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायला लागले. तुम्ही एकदा आला होतात, आठवतं? नवीन धोतर नेसून, आईनं दिलेल्या दशम्या घेऊन. प्रयोगशाळेत शिरलात, इकडंतिकडं पाहिलंत आणि हळूच विचारलंत, "मशिनी कुठंय?" मी बोटाच्या पेरापेक्षाही लहान नळी हातात दिली. तुम्ही ती उजेडाकडं धरलीत, उलटी केलीत, हलवलीत.

"ह्यात तर पानीच दिसतंय."

"दिसत नाही, आप्पा. खूप बारीक आहे."

"मंग जोडलं का न्हाई, ते तुला कसं कळतंय?"

आमचे विभागप्रमुख सर तिथंच उभे होते. ते हसून म्हणाले, "काका, हाच प्रश्न आम्ही दरवर्षी टाळतो." मला वाटलं, सर गंमत करतायत. ती गंमत नव्हती, हे मला नंतर कळलं.

आमच्याकडं दरवर्षी लायगेजचा प्रयोग व्हायचा तो फळ्यावर. सर आकृती काढायचे, बाण दाखवायचे, निरीक्षण सांगायचे: 'तुकडे जोडले गेले.' पोरं ते जर्नलात उतरवायची. त्यांच्या आधीच्यांनीही तेच उतरवलेलं. सरांचाही दोष नव्हता. दुपारी लाईट जायची ती संध्याकाळी यायची, फ्रीजरचं पाणी फरशीवर यायचं. "छाया मॅडम," ते म्हणायचे, "जालन्यात लायगेज चालत नाही. त्याला लोडशेडिंग मानवत नाही."

मला ते सहन झालं नाही. पाहिलं नाही ते पाहिलं म्हणून लिहायचं, आणि तेही विज्ञानाच्या वर्गात? माझ्या पोरांतल्या निम्म्यांच्या घरात शिकणारी ही पहिलीच पिढी. पिंपळगाव रेणुकाईहून पहाटेची एस.टी. धरून येणारी वर्षा तर वर्गात सगळ्यात पुढं बसते. तिला मी काय शिकवायचं? न पाहता लिहायला?

मी हट्ट धरला आणि सर तयार झाले. विषाणूचा डीएनए घ्यायचा, एका एन्झाइमनं त्याचे ठरावीक तुकडे करायचे, मग लायगेज घालून ते पुन्हा जोडायचे. कळणार कसं? तर जेलीसारख्या वडीत, म्हणजे जेलमध्ये, ते तुकडे घालून वीज सोडायची. लहान तुकडे जेलमधून लांब पळतात, मोठे मागं राहतात. रंग दिला की निळे पट्टे दिसतात. जोडलं असेल तर वेगवेगळे पट्टे जाऊन वरच्या बाजूला, तुकडे जिथं घातले त्या खाचेजवळ, एकच जाड पट्टा. नुसत्या डोळ्यांनी दिसतो.

पहिल्या खेपेला काही झालं नाही. तुकडे जसेच्या तसे. तुम्ही होतात तेव्हा. शनिवारी मी दुकानात आले आणि तोंड पाहूनच तुम्ही ओळखलंत.

"जोडलं का?"

"नाही."

"मी म्हनलं न्हाई का? ठिगळ लागतंय!" आणि मग माझा चेहरा आणखी पडला तसा स्टुलावरचा पाना बाजूला सारत म्हणालात, "बस. चहा सांगतो. माझं बी पैलं पंक्चर आजोबाच्या सायकलीचं होतं. घरापस्तोर बी टिकलं न्हाई."

दुसरी खेप झाली तेव्हा तुम्ही नव्हतात. तेव्हाही जोडलं गेलं नाही. मी त्या संध्याकाळी बस स्टँडवर बसून राहिले, आणि फाट्यावर कुणीही मला 'जोडलं का?' विचारणार नाही हे पहिल्यांदा नीट कळलं. तुमच्या टोमण्याशिवाय हरणं फार कोरडं असतं, आप्पा.

सरांनी दुसऱ्या दिवशी बोलावलं. रागावले नाहीत. म्हणाले, "मॅडम, नळीत लायगेज राहिलंय ते एका खेपेपुरतं. हे शेवटचं. यंदाही नाही झालं तर हा प्रयोग आपण कायमचा फळ्यावर नेऊ. मला दर खेपेला पोरांना आशेला लावणं बरं वाटत नाही."

कायमचा फळ्यावर! म्हणजे आमच्या वर्षाच्या मागून येणारी प्रत्येक वर्षा तेच उतरवणार.

खरं सांगायचं तर सरांनी त्या लायगेजसाठी जीव काढला होता. लाईट गेली की ते स्वतः ती इवलीशी नळी बर्फाच्या थर्मासात घालायचे आणि मोटारसायकलवर ओळखीच्या आइस्क्रीमवाल्याकडं न्यायचे. त्याच्याकडं जनरेटर होतं. कुल्फीच्या डब्यांशेजारी आमचं लायगेज! एकदा त्यानं सरांना विचारलं होतं म्हणे, "साहेब, ह्याचा फ्लेवर कोणता?"

मी ती नळी पाहत बसले. इतकी जपलेली वस्तू खराब कशी होईल? आणि ती तर दाट द्रवात ठेवलेली असते. आमच्या फ्रीजरमध्ये गोठतही नाही. मग बिघडलं काय?

तेव्हा तुमचा 'खर्चा' आठवला. दर सांध्याला एक एटीपी. पण एटीपी होतं कुठं? लायगेजच्या नळीत नव्हतंच! ते होतं शेजारच्या बाटलीत, बफरमध्ये, म्हणजे ज्या द्रावणात हे सगळं मिसळायचं त्यात. आणि बफरला आम्ही काय समजत होतो? मिठाचं पाणी! ते कधी आइस्क्रीमवाल्याकडं गेलं नाही. ते आमच्या फ्रीजरच्या दारात रोज दुपारी वितळत होतं, संध्याकाळी गोठत होतं. वितळून गोठून त्यातलं एटीपी केव्हाच मोडून गेलं असणार. लायगेज ठणठणीत होतं. फट हुडकत होतं, धरत होतं, आणि हात रिकामे म्हणून सोडून देत होतं. आम्ही सगळे मिळून भलत्यालाच थंड ठेवत होतो!

पण हा नुसता अंदाज होता. आणि अंदाजावर विश्वास ठेवू नये हे मी तुमच्याकडूनच शिकले. म्हणून औरंगाबादच्या मैत्रिणीकडून ताजं एटीपी आणलं, बर्फात घालून, एस.टी.त मांडीवर धरून. तीन नळ्यांत डीएनएचे तुकडे घेतले आणि उरलेलं लायगेज त्यातल्या दोन नळ्यांत वाटलं. एका नळीत जुनं बफर तसंच. दुसरीत तेच जुनं बफर, वर ताजं एटीपी. तिसरीत सगळं, पण लायगेज नाही. वर्षा आणि बाकीच्या पोरांनी स्वतः भरल्या नळ्या. माठाच्या पाण्यात बर्फ घालून थर्मासात ठेवल्या रातभर. आज सकाळी लाईट असेपर्यंत जेलमधून वीज सोडली. लाईट गेली ती आमचं काम संपल्यावर. तिलाही दया आली असेल.

मग रंग दिला. जेल पाण्यात धुतलं, पुन्हा धुतलं. सगळी पोरं खिडकीपाशी गोळा झाली. सर चष्मा पुसत मागं उभे.

हळूहळू निळं उमटलं. तिसऱ्या नळीच्या रांगेत वेगवेगळे पट्टे. पहिल्या रांगेतही वेगवेगळे पट्टे. आणि मधल्या रांगेत, जिथं ताजं एटीपी होतं तिथं, खालचे पट्टे जवळजवळ गेलेले! वर, खाचेपाशी, एक जाड निळी रेघ.

"मॅडम, जोडलं!" कुणीतरी ओरडलं. मग सगळेच ओरडले. शेजारच्या वर्गातले सर डोकावून गेले, काही भांडण झालंय का पाहायला. मी आमच्या सरांकडं पाहिलं. ते जेलवर इतके वाकले होते की चष्मा पाण्यात पडायचाच राहिला.

"जालन्यात चालतं की हो," ते म्हणाले.

मग वर्षानं जर्नल उघडलं आणि लिहिता लिहिता थांबली. वर बघून म्हणाली, "सर, एक विचारू? माझ्या ताईच्या जर्नलातबी 'तुकडे जोडले गेले' असंच लिहिलेलं हाय. मंग तव्हा कोणी बघितलं होतं?"

मला वाटलं, सर रागावतील. आप्पा, त्यांनी चष्मा काढून हातात घेतला. मग म्हणाले, "कोणीच नाही, बेटा. मीही आजच पाहतोय."

किती साधेपणानं बोलले! एवढ्या वर्षांच्या नोकरीनंतर, पोरांसमोर. मला त्या निळ्या रेघेपेक्षा ते जास्त मोठं वाटलं.

"मंग पहिल्या नळीचं काय लिहू?" वर्षानं विचारलं. "त्यात तर न्हाई जोडलं."

सरांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हणाले, "जे दिसलं तेच. जोडलं गेलं नाही, असं लिही. आणि का, तेही लिही."

पोरं माना खाली घालून लिहू लागली, आणि त्या जर्नलांत पहिल्यांदा 'नाही' असा शब्द उमटला. कुणाच्या नजरेला येणार नाही एवढी लहान गोष्ट आहे. पण मी खिडकीशी उभी राहून पाहत होते आणि मला फार बरं वाटत होतं. रडू नाही आलं. नुसतं बरं वाटत होतं.

तुम्ही असतात तर काय म्हणाला असतात? निळा पट्टा पाहून एकदम हार मानली असतीत? छे! म्हणाला असतात, "हे तर रंग हाय. सांधा कुठं दिसून राह्यला?" आणि मी पुन्हा सुरू केलं असतं. तुम्ही मानलं नाहीत, बघितल्याशिवाय मान डोलावली नाहीत, याचा मला तेव्हा राग यायचा. आता कळतं, शिकवणाऱ्याला असाच एक माणूस लागतो. माझ्या नशिबात तो घरातच होता. हे तुमच्यासमोर म्हणायचं राहून गेलं, एवढीच रुखरुख. बाकी माझी काही तक्रार नाही, आप्पा. मी मजेत आहे.

एक शब्द देते. मी ज्या वर्गात उभी राहीन, तिथं कुणीही न पाहिलेलं पाहिलं म्हणून लिहिणार नाही. लाईट जाईल, सामान संपेल, प्रयोग फसेल. फसला तर फसला असंच लिहू. आणि एखादं पोर उठून म्हणालं, "मॅडम, मला न्हाई पटत," तर त्याला खाली बसवणार नाही. त्याला पुढं बोलावीन, खिडकीच्या उजेडात, आणि म्हणेन, ये, बघ.

तुमची,
छाया